बाली-लोंबोकची सामुद्रधुनी आणि एक मोजणीदार

इ. स. १८६२ च्या आरंभी, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला भाव चढू लागला होता आणि मुंबई बंदरात तेजीचे वारे वाहू लागले होते त्या दिवसांत, सिंगापुराहून विलायतेस परत निघालेला एक इंग्रज प्रवासी वाटेत मुंबईस आठवडाभर उतरला. वय एकोणचाळीस, शरीर हिवतापाने वारंवार पोखरलेले, आणि आयुष्याची आठ वर्षे पूर्वेकडील बेटांत पायी, होडीने व गलबताने हिंडण्यात गेलेली. त्याच्या सामानात सर्वांत जपून न्यायची वस्तू म्हणजे न्यू गिनीकडील मुलखातले दोन जिवंत स्वर्गपक्षी. सिंगापुरास शंभर पौंड मोजून त्याने ते विकत घेतले होते. मुंबईचा मुक्काम जितका प्रवासाचा शीण घालवण्यासाठी होता तितकाच या पाखरांसाठी ताज्या केळ्यांचा साठा करण्यासाठीही होता. केळी, भात आणि झुरळे हा त्यांचा आहार. त्यांपैकी झुरळे तो आगबोटीच्या कोठारात रोज संध्याकाळी स्वतः धरीत असे, आणि पुढे माल्टा बेटावर एका पावाच्या भट्टीतून त्याने बिस्किटांचे रिकामे डबे भरून ती बरोबर घेतली. अशा निगुतीने त्याने ते दोन्ही पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत जिवंत पोचते केले.

या प्रवाशाचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. उत्क्रांतीच्या इतिहासात हे नाव डार्विनच्या नावामागोमाग घेतले जाते आणि बहुधा तेवढ्यावरच सोडून दिले जाते. परंतु बेटाबेटांवरील पक्ष्यांची वाटणी कशी झाली आहे, ती तशीच का झाली आहे, आणि त्या वाटणीवरून भूमीचा विस्मृत इतिहास कसा वाचता येतो, हे ज्याने प्रथम डोळसपणे पाहिले त्याची ओळख स्वतंत्रपणे करून घेतली पाहिजे असे मला वाटते. कारण त्याच्या त्या दृष्टीचे मूळ तत्त्वज्ञानात नव्हते, तर प्रत्येक पाखरापुढे त्याचे ठिकाण लिहून ठेवण्याच्या एका साध्या आणि कष्टाच्या शिरस्त्यात होते.

वॉलेसचा जन्म १८२३ सालच्या जानेवारीत, वेल्सच्या सीमेवरील अस्क गावी झाला. घरची स्थिती खालावत गेलेली असल्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि थोरला भाऊ विल्यम याच्या हाताखाली तो जमिनीच्या मोजणीचे काम शिकू लागला. त्या काळी इंग्लंडात चर्चला द्यावयाचा धान्यरूप कर रोखीत बदलला जात होता, गायराने कुंपणात घातली जात होती, आणि या दोन्ही कामांसाठी गावोगाव नव्याने नकाशे तयार होत होते. साखळी टाकणे, खुणेचे दगड शोधणे, कोणाच्या शेताची चतुःसीमा कोठे संपते ते कागदावर उतरवणे, या कामात त्याची उमेदीची वर्षे गेली. हद्दीवरून चालत असताना एका बाजूची माती दुसऱ्या बाजूच्या मातीहून वेगळी का, एका उतारावर उगवणारी वनस्पती पलीकडच्या उतारावर का नाही, असले प्रश्न त्याला पडू लागले, आणि वनस्पती व कीटक गोळा करण्याचा नाद लागला तो याच भटकंतीत.

१८४८ साली मित्र हेन्री वॉल्टर बेट्स याच्यासह तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात गेला. पदरी पैसा नव्हता. पक्षी, फुलपाखरे आणि भुंगेरे जमवून लंडनला पाठवायचे, तेथील सॅम्युएल स्टीव्हन्स या अडत्याने ते संग्राहकांना विकायचे, आणि त्या उत्पन्नावर पुढचा प्रवास करायचा, अशी ती व्यवस्था होती. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली, बरोबरचा संग्रह व बहुतेक टिपणे भस्मसात झाली, आणि दहा दिवस उघड्या होड्यांत काढल्यावर तो कसाबसा वाचला. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे अ‍ॅमेझॉनच्या वानरांविषयी एक निबंध वाचला. त्यात त्याने दाखवून दिले की मोठ्या नद्या वानरांच्या जातींच्या सरहद्दी ठरतात; एका तीरावरची जात दुसऱ्या तीरावर आढळत नाही, आणि स्थानिक शिकाऱ्यांना ही गोष्ट पूर्ण ठाऊक असते. जोडीला त्याने एक तक्रारही मांडली: संग्रहालयांतील नमुन्यांवर ‘ब्राझील’ किंवा ‘पेरू’ एवढेच लिहिलेले असते, नदीच्या कोणत्या काठावर प्राणी सापडला हे कोणी लिहीत नाही, आणि ते न लिहिल्यामुळे सगळी माहिती निरुपयोगी होते. त्या दिवशीच्या श्रोत्यांना ही तक्रार किरकोळ वाटली असेल. तिच्यात पुढच्या सर्व कार्याचे बीज होते.

१८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापुरास उतरला. सारावाकमध्ये असताना, १८५५ च्या फेब्रुवारीत, त्याने एक लेख लिहिला आणि त्यात असा नियम मांडला की प्रत्येक नवी जात तिच्याशी निकटचे नाते असलेल्या पूर्वीच्या जातीच्या जवळच, स्थळाच्या आणि काळाच्याही दृष्टीने जवळ, अस्तित्वात आलेली दिसते. नियम मांडला होता. त्याचा ढळढळीत दाखला मात्र अजून मिळावयाचा होता, आणि तो मिळाला तोही योगायोगाने. वॉलेसला जायचे होते सेलेबीस बेटावरील मकास्सर बंदरी. सिंगापुराहून तिकडे थेट जाणारे जहाज मिळेना, म्हणून एका चिनी व्यापाऱ्याच्या शिडाच्या गलबतातून तो बालीमार्गे निघाला आणि १३ जून १८५६ रोजी बालीच्या उत्तर किनाऱ्यावरील बुलेलेंग बंदरी पोचला. थेट जहाज मिळाले असते तर आपण या बेटांकडे बहुधा फिरकलोही नसतो आणि सर्व प्रवासातील अत्यंत महत्त्वाच्या शोधाला मुकलो असतो, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे.

बालीवर तो दोनच दिवस होता. पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर चढणारी भातखाचरे, दगडी पाटांतून खेळवलेले पाणी, आणि चहूकडे मुस्लिम झालेल्या द्वीपसमूहात टिकून राहिलेला तेथील हिंदुधर्म पाहून तो चकित झाला. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र त्याला नवल वाटण्यासारखे काही दिसले नाही, आणि आपल्यालाही दिसले नसते. शेतांच्या कडेला लोंबणारी घरटी विणणारे पिवळ्या डोक्याचे पक्षी आपल्या सुगरणीचे भाऊबंद, काळ्यापांढऱ्या साळुंक्या, दयाळ, हळद्याचा सख्खा आप्त, सुतार पक्षी, आणि तांबट. हा तांबट तर अगदी आपलाच. माघ-फाल्गुनात गिरगावच्या एखाद्या वाडीतील पिंपळावरून भर दुपारी अखंड टुक्-टुक् करणारा, हिरव्या अंगाचा, लाल कपाळाचा जो इवलासा पक्षी मुंबईकरांच्या ओळखीचा आहे, तोच सह्याद्रीपासून ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा, जावा असा मजल दरमजल करीत बालीपर्यंत गेलेला आहे. जावा-बालीत त्याच्या पिवळ्या गळ्याच्या ठिकाणी गुलाबी-तांबडा रंग चढतो, एवढाच फरक. बालीच्या झाडीत वॉलेसने पाहिलेली पाखरे ही आशियाच्या पक्षिकुळाची पूर्वेकडील शेवटची वस्ती होती. आपण पुन्हा येथे येणार नाही हे आधी कळते तर येथील नमुने अधिक गोळा केले असते, अशी हळहळ त्याला नंतर वाटली.

बालीहून लोंबोकचा किनारा दिसतो. मधली सामुद्रधुनी जेमतेम पंधरा-वीस मैलांची. दोन्ही बेटे जवळजवळ सारख्याच आकाराची, दोन्हींवर ज्वालामुखी पर्वत, माती तीच, पाऊस तोच, भातशेतीही तीच. इतकेच काय, लोंबोकवर राज्यही त्या काळी बालीहून गेलेल्या हिंदू राजघराण्याचेच होते आणि त्याच्या अंमलाखाली तेथील मुस्लिम सासक प्रजा नांदत होती. गलबत अंपानमच्या बंदरात लागले. काळ्या वाळूच्या त्या किनाऱ्यावर वारा नसतानाही लाटा अकस्मात उसळून होड्या उलथवीत, आणि आमचा दर्या सदा भुकेला असतो असे तेथील लोक त्याला सांगत. तो सुखरूप उतरला, एका इंग्रज व्यापाऱ्याच्या घरी उतारा मिळाला, आणि काही दिवसांनी दक्षिणेकडील लाबुआन त्रिंग नावाच्या खाडीकाठी जाऊन त्याने पक्षी टिपण्यास आरंभ केला.

तेथील त्याची कार्यशाळा म्हणजे एका परक्या घरातला कोपरा. सोललेली पाखरांची कातडी पसरायला टेबल नव्हते. एक जुने खोके आडवे टाकून त्यावर ती वाळत घालायची, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खोक्याखाली पाणी भरलेल्या नारळाच्या करवंट्या ठेवायच्या. भुकेले कुत्रे आणि घरमालकाची पोरे यांच्यापासून ती राखायची. बरोबर दोन माणसे: मलाक्क्याचा पोर्तुगीज वंशाचा मान्युएल फर्नांडिस आणि सारावाकचा मलायी तरुण अली. अली स्वयंपाकी म्हणून आला आणि बघता बघता बंदूक चालवण्यात व कातडे सोलण्यात धन्याच्या तोडीस तोड झाला. दिवसभरात मारलेल्या पक्ष्यांची कातडी संध्याकाळपर्यंत सोलून, सोमल लावून, कापूस भरून तयार झाली पाहिजे, नाहीतर त्या हवेत ती सडतात. आणि प्रत्येकाच्या पायाला बेटाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली पाहिजे. थकून गेलेला माणूस पहिले काम चुकवीत नाही, कारण त्याचे फळ लगेच दिसते. दुसरे चुकवतो. वॉलेसने ते चुकवले नाही.

आणि या चिठ्ठ्यांनीच त्याला थक्क केले. लोंबोकवर तांबट नव्हता. सुगरणींची ती वसाहत नव्हती, दयाळ नव्हता, काळीपांढरी साळुंकी नव्हती. त्यांच्या जागी झाडांच्या शेंड्यांवर पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे कर्कश ओरडत होते. बोडक्या डोक्याचे मधुभक्षक फुलांवर भांडत होते. आणि झाडीच्या तळाशी एक काळपट तपकिरी, भल्या मोठ्या पायांची कोंबडीसारखी पक्षीण पालापाचोळा उकरीत होती. काकाकुवे आणि मधुभक्षक ही ऑस्ट्रेलियाची ओळखीची कुळे. ही उकरणारी कोंबडीही तिकडचीच, आणि तिची रीत जगावेगळी. नर-मादी मिळून माती, पाने, काटक्या, गोटे आपल्या पंजांनी मागे फेकीत फेकीत सहा ते आठ फूट उंचीचा आणि वीस-तीस फूट व्यासाचा ढिगारा रचतात. त्यात दोन-तीन फूट खोलवर अंडी पुरतात. आणि मग अंड्यांवर बसत नाहीत. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने अंडी फुटतात आणि पिल्लू मातीतून वर येऊन, आईबापांचे तोंडही न पाहता, थेट रानात पळून जाते. अंडी विटकरी रंगाची आणि पक्ष्याच्या मानाने कितीतरी मोठी. गावकरी ती उकरून आवडीने खातात. असा पक्षी बालीवर त्याने पाहिला नव्हता.

येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. लोंबोकच्या राजाने खानेसुमारी कशी केली याची कथा वॉलेसला त्याच मुक्कामात ऐकायला मिळाली. रयतेकडून माणशी ठराविक तांदूळ वसूल होई, पण गावकामगार, परगण्याचे अधिकारी आणि सरदार यांच्या हातांतून जाता जाता खजिन्यात पोचेपर्यंत त्याला गळती लागे, आणि खरी लोकसंख्या कोणी सांगेना. तेव्हा राजा पर्वतावर गेला आणि परत येऊन म्हणाला की पर्वताच्या देवतेने आज्ञा केली आहे: रोगराई टळण्यासाठी बारा पवित्र कट्यारी घडवाव्यात, आणि त्यासाठी प्रत्येक माणसाने एक सुई द्यावी. ज्या गावातून सुई कमी येईल त्या गावात साथीच्या वेळी कट्यार चालणार नाही. कोणी लबाडी केली नाही. गावागावांच्या सुया आपापल्या नावांनिशी वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या आणि राजाच्या हाती बिनचूक गणती आली. ही कथा कितपत खरी हा प्रश्न वेगळा. मला तिच्यात महत्त्वाचे वाटते ते हे की राजाचे काम सुयांच्या एकूण संख्येने झाले नसते, कोणती सुई कोणत्या गावची हे कळल्यानेच झाले.

२१ ऑगस्ट १८५६ रोजी वॉलेसने लोंबोकहून स्टीव्हन्सला पत्र लिहिले. पाठवलेल्या पेट्यांत काय काय आहे याचा तपशील देताना, एक पाळीव बदक डार्विनसाहेबांसाठी आहे असेही त्याने कळवले. डार्विन त्या काळी पाळीव जातींचा अभ्यास करीत होता. आणि त्याच पत्रात त्याने लिहिले की ही दोन बेटे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असूनही, माती, उंची व हवामान सारखे असूनही, प्राण्यांच्या दृष्टीने दोन भिन्न प्रांतांत मोडतात आणि त्या प्रांतांच्या सीमाच येथे येऊन भिडल्या आहेत. एका अडत्याला लिहिलेल्या व्यावहारिक पत्रात आलेला हा मजकूर आहे. पृथ्वीवरील एक फार मोठी सरहद्द त्यात प्रथम नोंदली गेली.

पंख असलेल्या प्राण्याला पंधरा-वीस मैलांचे पाणी अडवते कसे, ही शंका वाचकाला येईलच. तिचे उत्तर पक्ष्यांच्या स्वभावात आहे. समुद्रपक्षी आणि स्थलांतर करणारे पक्षी महासागर ओलांडतात; पण तांबटासारखा घनदाट झाडीत जन्मणारा व त्याच झाडीत मरणारा पक्षी उघड्या पाण्यावर पंख पसरायलाच धजत नाही. क्वचित एखादा वादळाने पलीकडे फेकला गेला तरी तेथे त्याला जोडीदार नसतो, आणि अन्नाच्या जागा आधीच दुसऱ्यांनी धरलेल्या असतात. म्हणून सस्तन प्राण्यांच्या वाटणीइतकीच पक्ष्यांची वाटणीही जुन्या भूमीची साक्ष देते, आणि पक्षी दिसतात, ऐकू येतात, पुष्कळ असतात, म्हणून ती साक्ष अधिक सहज वाचता येते.

लोंबोकहून मकास्सर, आणि तेथून १८५७ च्या जानेवारीत बुगी व्यापाऱ्यांच्या गलबतातून न्यू गिनीजवळची आरू बेटे, असा त्याचा पुढचा प्रवास झाला. आरूत त्याने राजस्वर्गपक्षी आणि थोरला स्वर्गपक्षी त्यांच्या रानात पाहिले. वानुंबाई नावाच्या वस्तीत एका म्हाताऱ्याने त्याला विचारले होते की ही सगळी पाखरे तू पेटीत भरून नेतोस, समुद्रावर गेल्यावर ती पुन्हा जिवंत होतात ना? गावकऱ्यांना दुसरे कोणते प्रयोजन पटण्यासारखे नव्हते. वॉलेसने त्या प्रसंगाची हकीकत मोठ्या आत्मीयतेने लिहून ठेवली आहे. आरूच्या मुक्कामात त्याच्या मनात जे जुळले ते मात्र त्या म्हाताऱ्याच्या कल्पनेइतकेच विलक्षण होते. आरू आणि न्यू गिनी यांच्यामधला समुद्र रुंद पण उथळ, आणि दोन्हींकडचे पक्षी जवळजवळ तेच. बोर्निओ आणि न्यू गिनी यांची हवा, पाऊस, अरण्ये सारखी, आणि पक्षी पूर्ण भिन्न. उलट न्यू गिनी दमट अरण्यांचा देश आणि ऑस्ट्रेलिया कोरड्या माळांचा, तरी दोन्हींचे पक्षी एकाच कुळातले. जेथे जशी हवा तेथे तसा जीव निर्मिला गेला, हे विद्वानांचे प्रचलित मत या वस्तुस्थितीपुढे टिकत नव्हते. पक्षी कोठे आहे हे हवा ठरवीत नाही. त्याचे पूर्वज कोठे होते आणि त्या भूमी कधी जोडलेल्या व कधी तुटलेल्या होत्या, यावर ते ठरते.

डार्विनही १८३५ साली गालापागोस बेटांवर अशाच कोड्यापुढे उभा होता. तेथील अधिकारी लॉसन याने कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे हे सांगता येते असे त्याला सांगितलेही होते. पण चिमण्यांसारख्या त्या प्रसिद्ध लहान पक्ष्यांचे नमुने जमवताना डार्विनने बेटाबेटांचा हिशेब वेगळा ठेवला नाही. १८३७ मध्ये लंडनला जॉन गूल्डने त्या अनेक स्वतंत्र जाती आहेत असे सांगितले, तेव्हा जहाजावरील कप्तान फिट्झरॉय आणि इतरांनी जमवलेल्या, ठिकाण लिहिलेल्या नमुन्यांचा आधार त्याला शोधावा लागला. यात डार्विनचा उणेपणा काढण्याचा हेतू नाही; तो गेला त्या वेळी बेट हा प्रश्न आहे हेच कोणाला उमगले नव्हते. वॉलेस तो प्रश्न घेऊनच निघाला होता. १८५८ च्या फेब्रुवारीत तापाने अंथरुणाला खिळलेला असताना नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला सुचली, तेर्नाते बेटावरून तिच्याविषयीचा निबंध डार्विनकडे गेला, आणि १ जुलै रोजी लिनियन सोसायटीपुढे दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तो येथे विस्ताराने सांगत नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये फिलिप स्क्लेटर याने पक्ष्यांच्या आधारे साऱ्या पृथ्वीचे सहा विभाग पाडले होते. त्यांतील भारतीय आणि ऑस्ट्रेलियन विभागांमधील हद्द नेमकी कोठे, हे सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो बाचान बेटावर राहत होता. तेथूनच १८५९ मध्ये त्याने पक्षिशास्त्राच्या नव्या नियतकालिकाला पत्र लिहून आपले मत कळवले. त्याच बाचानवर काही महिने आधी अलीने एक पक्षी आणून धन्यापुढे धरला होता: छातीवर हिरवी झळाळी, आणि दोन्ही खांद्यांतून उभी निघालेली दोन-दोन लांब पांढरी पिसे. स्वर्गपक्ष्यांच्या कुळातली ती सर्वस्वी नवी जात ठरली आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेने तिला वॉलेसचे नाव दिले. पक्षी प्रथम ज्याच्या हाती आला त्या अलीचे नाव तिच्यात नाही.

मलाया द्वीपसमूहाच्या प्राणिभूगोलावरील वॉलेसचा निबंध १८५९ च्या नोव्हेंबरात लंडनला वाचला गेला, आणि परत आल्यावर १८६३ साली राजभूगोल संस्थेपुढे त्याने आपला नकाशा ठेवला. त्या नकाशावर बाली व लोंबोक यांच्यामधून, बोर्निओ व सेलेबीस यांच्यामधून, फिलिपाइन्सच्या दक्षिणेने जाणारी एक तांबडी रेषा होती. इंग्रज अधिकारी जॉर्ज विंडसर अर्ल याने १८४५ मध्येच दाखवले होते की पश्चिमेकडील बेटे उथळ समुद्राने आशियाला आणि पूर्वेकडील बेटे ऑस्ट्रेलियाला जोडलेली आहेत. वॉलेसने हे ऋण मोकळेपणाने मान्य केले. ‘वॉलेसची रेषा’ हे नाव १८६८ मध्ये टॉमस हक्सलीने दिले, आणि तेही कोंबडीवर्गातील पक्ष्यांचे वर्गीकरण करताना. त्याने ती उत्तरेत थोडी सरकवून फिलिपाइन्सच्या पश्चिमेने नेली.

कोणतीही सरहद्द जवळून पाहिली की धूसर होते, आणि ही रेषाही त्याला अपवाद ठरली नाही. सुतारांची एक चिमुकली जात लोंबोकपलीकडे पोचलेली आहे. काही काकाकुवे बालीच्या बाजूच्या नुसा पेनिडा बेटावर होते. सेलेबीस बेटाने तर वॉलेसला आयुष्यभर छळले: ते आशियाचे मानावे की ऑस्ट्रेलियाचे, याविषयी त्याचे मत बदलत राहिले, आणि १९१० साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्याने रेषा त्या बेटाच्या पूर्वेला नेली. माक्स वेबर या डच मोहिमेच्या नेत्याच्या नावाने आणखी पूर्वेकडे दुसरी रेषा आखली गेली, आणि १९२८ पासून मधल्या साऱ्या प्रदेशालाच ‘वॉलेसिया’ हे नाव मिळाले. १९४४ मध्ये एर्न्स्ट मायर याने पक्ष्यांचीच गणना मांडून दाखवले की लोंबोकपासून पूर्वेकडे आशियाई जातींचे प्रमाण एकदम न तुटता बेटागणिक हळूहळू घटत जाते. वॉलेसच्या रेषेवर संपते ते आशिया खंडाचे समृद्ध पक्षिजीवन, आणि तेथून पुढे लागतात ती समुद्र ओलांडून कोणी आले तरच भरणारी बेटे. मला हे स्पष्टीकरण वॉलेसच्या सिद्धान्ताचे खंडन वाटत नाही, त्याची परिणती वाटते.

भूगर्भशास्त्राने तर या रेषेला भक्कम पाया दिला. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. जावा आणि बाली यांच्यामधील उथळ पाणी तेव्हा कोरडे पडले होते, आणि तांबट, दयाळ, वाघ हे सर्व पायवाटेने व झाडीझाडीने बालीपर्यंत आले. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र शेकडो मीटर खोल. ती तेव्हाही पाण्यानेच भरलेली होती. वॉलेसने जुन्या खंडांचे बुडालेले अवशेष म्हणून या बेटांची उपपत्ती लावली होती, ती आता मान्य नाही. ऑस्ट्रेलियाचा सारा भूखंड दक्षिणेतून कोट्यवधी वर्षे उत्तरेकडे सरकत येऊन आशियाच्या कडेला भिडला, आणि आजही वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकत आहे, हे ज्ञान त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने सर्वमान्य झाले. १८५६ मध्ये दोन किनाऱ्यांवरच्या पाखरांवरून जे अनुमान त्याने काढले, त्यामागे दोन खंडांची ही गाठ होती.

आठ वर्षांत त्याने १४,००० मैल प्रवास केला आणि १,२५,६६० नमुने जमवले. त्यांपैकी ८,०५० पक्षी होते, आणि त्यांतील पुष्कळसे अलीच्या बंदुकीने व हातांनी तयार झालेले होते. निरोपाच्या वेळी वॉलेसने सिंगापुरास अलीचे छायाचित्र काढवले, त्याला बंदुका व पैसे दिले. १९०७ साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टॉमस बार्बर तेर्नातेला गेला असता एक म्हातारा पुढे आला आणि आपण अली वॉलेस आहोत असे त्याने सांगितले. पंचेचाळीस वर्षांनंतर तो स्वतःची ओळख त्या नावाने देत होता, यावरून त्या दोघांतील नात्याची कल्पना येते.

ज्या काकाकुव्यांनी वॉलेसला चकित केले ते आज लोंबोकच्या रानातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. पिंजऱ्यासाठी धरून विकण्याच्या व्यापाराने ही जात समूळ नष्ट होण्याच्या काठावर आणली आहे, आणि विलक्षण गोष्ट अशी की पिंजऱ्यांतून सुटलेल्या पाखरांची एक मोठी वस्ती हाँगकाँगच्या बागांत नांदते आहे. बालीच्या पश्चिम टोकाला राहणारी शुभ्र साळुंकी, जिला १९११ मध्ये स्ट्रेझमान या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने शोधून पक्षिसंग्राहक रॉथ्सचाइल्डचे नाव दिले, तिचीही तीच अवस्था झाली. पाळून वाढवलेली पाखरे पुन्हा रानात सोडून तिला टिकवण्याचा यत्न चालू आहे.

वॉलेसचे अनेक पक्षी आज इंग्लंडात ट्रिंग येथे, त्याच रॉथ्सचाइल्डने वसवलेल्या संग्रहालयात, राष्ट्रीय संग्रहाबरोबर खणांत जपून ठेवलेले आहेत. पायाला त्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे. जून २००९ मध्ये तेथे चोरी झाली. साल्मन मासे धरण्याच्या गळांवर बांधण्याच्या शोभिवंत पिसांना शौकीन लोक भारी किंमत देतात, त्या बाजारासाठी एका विद्यार्थ्याने रात्री खिडकीतून शिरून २९९ पक्षी लांबवले, त्यांत वॉलेसने आणलेले स्वर्गपक्षीही होते. पुढे तो पकडला गेला आणि बरीच कातडी परत मिळाली. पण कित्येकांच्या पायांवरील चिठ्ठ्या विक्रीच्या सोयीसाठी कापून टाकलेल्या होत्या. पिसे शाबूत होती, रंग उतरले नव्हते. तरी कोणता पक्षी कोणत्या बेटावर, कोणत्या दिवशी मारला गेला हे आता कोणीही सांगू शकत नसल्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने ते नमुने निकामी झाले.